दिल्लीतील रविवार

दहावी-बारावीनंतर तुमच्यापैकी काही जण पुढील शिक्षणासाठी गावाबाहेर जातील. कोणी औरंगाबादला जाईल, ज्याला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, कोणी पुण्याला, कोणी मुंबईला. एखादा किंवा एखादी दिल्लीलाही जाईल. देशाच्या राजधानीत विद्यार्थी कसा राहतो, काय खातो, सुट्टीच्या दिवशी काय पाहतो, हे तुम्हांला आधीच ठाऊक असावे म्हणून हा पाठ लिहीत आहे. मी स्वतः मालेगावच्या उर्दू शाळेत शिकलो आणि १९९६ मध्ये बी. ए. करण्यासाठी दिल्लीला गेलो. त्यामुळे ऐकीव गोष्टी कमी आणि पाहिलेल्या गोष्टी जास्त सांगेन.

आमच्या घरी चार यंत्रमाग होते. अब्बा रात्रपाळीला स्वतः मागावर उभे राहत. घरातून कोणी कॉलेजात गेलेले नव्हते. मनमाड स्टेशनवर मला पंजाब मेलमध्ये बसवताना अब्बा एवढेच म्हणाले, "पैशांची काळजी करू नकोस, पण हिशेब लिहीत जा." गाडी सुटली आणि मी वहीच्या पहिल्या पानावर तिकिटाचा खर्च लिहिला. ती वही आजही माझ्याजवळ आहे. या पाठातील बऱ्याच गोष्टी मी तिच्यावरूनच सांगत आहे.

मी ज्या संस्थेत शिकलो तिचे नाव जामिया मिल्लिया इस्लामिया. असहकार चळवळीच्या काळात, १९२० मध्ये, ती अलीगढ येथे सुरू झाली. इंग्रज सरकारची मदत घ्यायची नाही, असे तिच्या संस्थापकांनी ठरवले होते. १९२५ मध्ये ती दिल्लीत करोल बागेत आली आणि पुढे यमुनेजवळच्या ओखला भागात स्थिर झाली. पैशांची चणचण एवढी होती की, संस्था बंद करण्याचाही विचार झाला होता. डॉ. झाकीर हुसेन यांनी वीस वर्षांहून अधिक काळ तिचे कुलगुरुपद सांभाळले. पुढे १९६७ मध्ये ते भारताचे राष्ट्रपती झाले. त्यांची कबर जामियाच्या आवारातच आहे. वर्गात जाता-येता आम्ही तिच्याजवळून जात असू.

आता विद्यार्थ्याच्या दिवसाविषयी. झाकीर नगरमध्ये आम्ही चौघे मिळून एका खोलीत राहत होतो. खोली तिसऱ्या मजल्यावर, गल्ली अरुंद, पाणी सकाळी ठरावीक वेळेलाच येई. ज्याची पाळी असेल त्याने पहाटे उठून बादल्या भरायच्या, असा नियम होता. अब्बा दरमहा ८०० रुपयांची मनिऑर्डर पाठवत. त्यांतले ३०० खोलीचे, ३५० जेवणाचे. उरलेल्या १५० रुपयांत वह्या, साबण, प्रवास आणि घरी फोन. फोनसुद्धा रात्री उशिरा, कारण तेव्हा दर कमी होत. बूथवर मोठी रांग लागे आणि समोरच्या यंत्रावर आकडे पळताना पाहून बोलायचे शब्द विसरून जात.

थंडीची गोष्ट निराळीच. मालेगावचा मुलगा थंडीला काय ओळखतो! नोव्हेंबरपर्यंत मी सुती सदऱ्यावर फिरलो. डिसेंबरमध्ये धुके पडले, समोरची इमारत दिसेनाशी झाली आणि नळाचे पाणी हाताला चावू लागले. मग कापूस भरलेली रजई घ्यावी लागली. वहीत त्या महिन्याचे पान लाल शाईने भरले आहे.

पण खरी अडचण थंडीची नव्हती. ती वर्गातली होती. आमचे काही प्राध्यापक इंग्रजीत शिकवत. मी शाळेत इतिहासात पहिला येत असे. इथे तोच इतिहास मला कळेना. माझ्या बाजूला बसलेली मुले भराभर लिहून घेत आणि मी फक्त तारखा लिहून घेई. दोन महिन्यांनी पहिली चाचणी झाली, तिच्यात मी नापास झालो. घरी कळवले नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे मात्र रजईच्या खोळीत बाजूला ठेवून दिले.

आमच्या खोलीत लातूरचा एक मुलगा होता. तो मराठी माध्यमातून आलेला. त्याचीही गत माझ्यासारखीच होती. खरे सांगायचे तर शाळेत मला मराठीचा तास नकोसा वाटे. दिल्लीत गेल्यावर मात्र दिवसभर इंग्रजी आणि हिंदी ऐकून रात्री त्याच्याशी मराठी बोललो की, गावाकडे आल्यासारखे वाटे. माझे लिंग-वचन चुकले की तो हसून दुरुस्त करी. त्याला उर्दू वाचता येत नव्हते, ते मी शिकवू लागलो. एका शनिवारी त्याने माझे लपवलेले पैसे पाहिले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "जायचंच असेल तर जा. पण दिल्ली बघितली का? गावात विचारतील, तेव्हा काय सांगशील?"

अशा रीतीने आमचे रविवार सुरू झाले. विद्यार्थ्यांना दिल्लीच्या सरकारी बसचा महिन्याचा पास अगदी थोड्या पैशांत मिळत असे. तो हातात असला की, शहर आपलेच. 'मुद्रिका' नावाची बस रिंग रोडवरून शहराला फेरी घालून येई. खिडकीची जागा मिळाली तर तीच एक सहल होई. शनिवारी कपडे धुणे, ग्रंथालय आणि राहिलेला अभ्यास. रविवारी पोळ्यांबरोबर लोणचे बांधून घ्यायचे आणि एकच ठिकाण पाहायचे. एका दिवसात पाच ठिकाणे पाहणाऱ्याला घरी गेल्यावर एकही आठवत नाही, असे माझे मत आहे.

पहिल्या रविवारी आम्ही कुतुबमिनार पाहिला. तो ७२.५ मीटर उंच आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस कुतुबुद्दीन ऐबकाने त्याचे काम सुरू केले, अल्तमशाने वरचे मजले चढवले आणि वीज पडून मोडलेला भाग फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात पुन्हा बांधला. आत ३७९ पायऱ्या आहेत, पण १९८१ मध्ये आत चेंगराचेंगरी होऊन अनेकांचा जीव गेला. तेव्हापासून वर जाता येत नाही. मिनारापेक्षा मला शेजारचा लोखंडी खांब आवडला. तो सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा असून त्याचे वजन सहा टनांहून अधिक आहे. त्यावर ब्राह्मी लिपीत 'चंद्र' नावाच्या राजाची कीर्ती कोरलेली आहे. एवढ्या पावसाळ्यांत तो गंजला कसा नाही? शास्त्रज्ञ सांगतात की, त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे. त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर तयार झाला आणि त्याने आतल्या लोखंडाचे रक्षण केले. खांबाला पाठ टेकवून मागून दोन्ही हातांची मिठी घालता आली तर इच्छा पूर्ण होते, अशी लोकांची समजूत होती. आम्हीही प्रयत्न केला. माझे हात पुरले नाहीत, लातूरकराचे बोट बोटाला लागले. १९९७ मध्ये खांबाभोवती कुंपण घातले गेले, कारण हजारो लोकांच्या हातांनी तो झिजत होता. तेव्हा तुम्हांला तो लांबूनच पाहावा लागेल.

दुसरे ठिकाण जंतरमंतर. कॅनॉट प्लेसच्या गजबजाटात लाल रंगाच्या विचित्र भिंती आणि जिने उभे आहेत. जिना चढून जावे तर वर खोलीही नाही आणि गच्चीही नाही. पाहुणे फोटो काढतात आणि पाच मिनिटांत बाहेर पडतात. आम्हीही तसेच निघणार होतो. पण तेथील पाटी वाचत थांबलो आणि दोन तास तिथेच गेले. राजा सवाई जयसिंग याने १७२४ च्या सुमारास बांधलेली ही वेधशाळा आहे. त्यातील सम्राट यंत्र म्हणजे एक अवाढव्य सावलीचे घड्याळ. त्याची तिरपी भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर आहे, म्हणजे ती सरळ ध्रुवताऱ्याकडे रोखलेली आहे. जमिनीशी तिचा कोन सुमारे साडेअठ्ठावीस अंशांचा, म्हणजे दिल्लीच्या अक्षांशाएवढा आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना कमानीसारखे वाकवलेले पट्टे आहेत. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या पट्ट्यावर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या. सावली सरकते तशी वेळ वाचायची.

मी मनगटावरचे घड्याळ पाहिले तर वेळ जुळेना. मला वाटले, यंत्र बिघडले. लातूरकराने भूगोल घेतला होता. तो म्हणाला, "यंत्र नाही बिघडलं. आपलं घड्याळ अलाहाबादजवळच्या रेखावृत्ताचं आहे." त्याचे बरोबर होते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. दिल्ली त्याच्या पश्चिमेला सुमारे ७७ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे दिल्लीचा सूर्य सरासरी २१ मिनिटे मागे. सातवीत पाठ केलेले हे गणित मला तिथे प्रथम समजले. आणखी एक गोष्ट तुम्हांला आवडेल. जयसिंगाने वेध घेऊन जी कोष्टके तयार करवली, ती फारसी भाषेत आहेत आणि बादशहाच्या नावावरून त्यांचे नाव 'झीज-ए-मुहम्मदशाही' असे ठेवले आहे.

जुन्या दिल्लीला आम्ही सहा-सात रविवार दिले, तरी ती संपली नाही. शाहजहानने हे शहर वसवले. लाल किल्ला १६४८ मध्ये पूर्ण झाला, जामा मशीद १६५६ मध्ये. त्यांच्यासमोरचा चांदणी चौक शाहजहानची मुलगी जहाँआरा हिच्या कल्पनेतून उभा राहिला. चौकातून तेव्हा कालवा वाहत असे आणि मधल्या हौदात चांदणे पडे, म्हणून हे नाव. आज चांदणे शोधू नका, पायाखाली पाहून चाला.

लाल किल्ल्यात दीवान-ए-खास हे संगमरवरी दालन आहे. मयूरसिंहासन इथेच होते, ते १७३९ मध्ये नादिरशाह घेऊन गेला. छताला चांदी होती. ती कोणी नेली, हे मी लातूरकराला विचारले. तो म्हणाला, "नादिरशाहनेच नेली असेल." खरे उत्तर असे की, १७६० मध्ये पानिपतच्या मोहिमेवर आलेल्या सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी ती काढून नाणी पाडली. तो थोडा वेळ छताकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "हे आमच्या पुस्तकात नव्हतं." आमच्याही नव्हते. याच किल्ल्यात १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला आणि याच किल्ल्यावर १६ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित नेहरूंनी तिरंगा फडकवला.

जामा मशिदीच्या पायऱ्यांवर बसले की समोर किल्ला दिसतो. मशिदीच्या जवळच मौलाना आझादांची कबर आहे. शेजारी उर्दू बाजार. माझ्या वेळी तिथे पुस्तकांची बरीच दुकाने होती, आता कबाबांच्या धुरात थोडीच उरली आहेत. दर्यागंजच्या फुटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरत असे. त्या बाजारातच मी जाडजूड इंग्रजी शब्दकोश घेतला. त्याची शेवटची काही पाने फाटलेली होती, म्हणून स्वस्त मिळाला. झेड अक्षराचे शब्द मला आजही कमी येतात. २०१९ मध्ये हा बाजार फुटपाथवरून हलवून जवळच्या महिला हाटमध्ये नेण्यात आला.

बल्लीमारानमधील कासिमजान गल्लीत मिर्झा गालिब राहत होते. तुम्ही उर्दूच्या पुस्तकात त्यांना भेटलाच असाल. मी त्यांची हवेली शोधत गेलो तेव्हा तिथे दुकाने आणि कारखान्याचा माल होता. गल्लीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी एक कमान दाखवली आणि म्हणाले, "बस, यही है." मला फार वाईट वाटले. १९९९ नंतर दिल्ली सरकारने हवेलीचा काही भाग ताब्यात घेऊन तिथे स्मारक केले. आता तुम्ही गेलात तर निदान आत जाता येईल.

गालिब १८६९ मध्ये वारले. त्यांची कबर निजामुद्दीन वस्तीत आहे. ही वस्ती जामियापासून जवळच. १३२५ मध्ये हजरत निजामुद्दीन औलिया यांचे निधन झाले आणि काही महिन्यांतच त्यांचे लाडके शिष्य अमीर खुसरो हेही गेले. दोघांच्या कबरी एकाच आवारात आहेत. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे कव्वाली होते. त्याच आवारात जहाँआराची कबर आहे. शाहजहानची मुलगी, पण कबरीवर घुमट नाही. भोवती संगमरवरी जाळी आणि वर उघडे आकाश.

रस्ता ओलांडला की हुमायूनची कबर. त्याची पत्नी हाजी बेगम हिच्या देखरेखीखाली ती १५७० च्या सुमारास बांधली गेली. ताजमहालाआधीची ही इमारत. चौकोनी बाग, बागेत पाण्याचे पाट आणि मधोमध मोठा घुमट. परीक्षेच्या दिवसांत आम्ही पुस्तके घेऊन इथल्या हिरवळीवर येत असू. युनेस्कोने १९९३ मध्ये तिला जागतिक वारसा ठरवले. २०२४ पासून तिथे जमिनीखाली एक नवे संग्रहालयही आहे.

नवी दिल्ली मी भराभर सांगतो, कारण ती तुम्ही दूरदर्शनवर पाहिलेली आहे. १९११ मध्ये इंग्रजांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणण्याचे जाहीर केले आणि १९३१ मध्ये नव्या शहराचे उद्घाटन झाले. राष्ट्रपती भवनापासून इंडिया गेटपर्यंत जाणारा राजपथ २०२२ पासून कर्तव्यपथ म्हणून ओळखला जातो. संसद २०२३ मध्ये नव्या इमारतीत गेली आणि जुन्या गोल इमारतीला संविधान सदन हे नाव मिळाले.

तुम्हांला हे सारे पाहणे आमच्यापेक्षा सोपे जाईल. दिल्लीत मेट्रोची पहिली गाडी २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी धावली. आता जामिया मिल्लिया इस्लामिया, जामा मशीद, लाल किल्ला, कुतुबमिनार या प्रत्येक नावाचे स्टेशन आहे. सोमवारी लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय बंद असते, हे लक्षात ठेवा. आम्ही एकदा सोमवारच्या सुट्टीत गेलो आणि बंद दरवाजा पाहून परतलो. पुरातत्त्व खात्याच्या इमारतींत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. मे-जूनमध्ये दुपारी बाहेर पडू नका, 'लू' वाहते. प्रवेशाचे म्हणाल तर, केंद्रीय विद्यापीठांच्या बऱ्याच पदवी अभ्यासक्रमांसाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामायिक परीक्षा आहे आणि ती उर्दूतून किंवा मराठीतूनही देता येते. आमच्या वेळी ही सोय असती तर!

मी परत गेलो नाही, हे तुम्ही ओळखलेच असेल. दुसऱ्या चाचणीत मी काठावर पास झालो. दर रविवारी पाहिलेल्या जागेविषयी मी घरी पत्र लिहीत असे. माझी धाकटी बहीण ते मोठ्याने वाची आणि अब्बा मागाचा आवाज थांबवून ऐकत, असे अम्मीने मला नंतर सांगितले. दुसऱ्या वर्षी कापडाला भाव उरला नाही. आमचे दोन माग विकावे लागले. मनिऑर्डर उशिरा येऊ लागली. मग मी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. त्या रविवारी सकाळीच असत, त्यामुळे त्या वर्षी फिरणे अर्ध्या दिवसावर आले.

तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, अब्बा दिल्लीला आले. त्यांच्याजवळ दोनच दिवस होते. लाल किल्ला दाखवू का, असे मी विचारले. ते म्हणाले, "तो तू पत्रात दाखवलास. हुमायूनचा मकबरा दाखव." मला नवल वाटले. आमचे पूर्वज विणकर होते आणि १८५७ नंतर उत्तरेतून चालत दक्षिणेकडे आले, असे आमच्या घरी सांगतात. मालेगावच्या पुष्कळ घरांत हीच गोष्ट ऐकू येते. त्याच १८५७ च्या सप्टेंबरमध्ये बहादूरशाह जफर या मकबऱ्यात लपले होते आणि इथेच इंग्रजांनी त्यांना पकडले. पुढे रंगूनला कैदेत ते १८६२ मध्ये वारले. मी हे पत्रात लिहिले होते. अब्बा ओट्याच्या पायऱ्या हळूहळू चढले, जाळीतून आत पाहिले, फातेहा वाचली आणि बराच वेळ बागेकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना प्रगती मैदानाजवळच्या हस्तकला संग्रहालयात नेले. तिथल्या वस्त्रांच्या दालनात बालुचरी साड्या, काश्मिरी शाली, फुलकारी आहेत. मी नावे वाचून दाखवत होतो, पण त्यांचे लक्ष पाटीकडे नव्हते. ते काचेला नाक लावून धागे मोजत होते. बाहेर अंगणात एक कारागीर हातमागावर विणत होता. अब्बा त्याच्याजवळ जाऊन बसले. कुठला, कितीचे सूत, दिवसाला किती होते, असे त्यांचे बोलणे सुरू झाले. थोड्या वेळाने तो कारागीर उठला आणि अब्बा मागावर बसले. चाळीस वर्षे यंत्रमागावर काढलेल्या माणसाने धोटा हातात घेतला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा तो बरोबर पलीकडे गेला.

संध्याकाळी नवी दिल्ली स्टेशनवर गाडी यायला वेळ होता. अब्बांनी माझी हिशेबाची वही मागितली आणि पहिल्या पानापासून चाळली. एका पानावर थांबून त्यांनी विचारले, "हे रजईच्या खोळीतले पैसे कसले?"

मी त्यांना सगळे सांगितले. गाडी लागली तेव्हा त्यांनी वही परत दिली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी तुझी बहीण बारावी होते. तिच्यासाठी खोलीची चौकशी करून ठेव."